कपड्याचा ब्रँड काढण्यापूर्वी : एका फसलेल्या धंद्याचा जमाखर्च

दीक्षाभूमीवर किंवा चैत्यभूमीवर गेले की पुस्तकांच्या दुकानांना लागूनच आता आपल्या तरुणांची कपड्यांची दुकाने दिसतात. कोणी टी-शर्ट काढले आहेत, कोणी कुर्ते, कोणी जाकिटे. नोकऱ्यांचे दरवाजे एकेक करून बंद होत असताना आपली मुले उत्पादनाकडे वळत आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. म्हणूनच हा लेख लिहीत आहे. माझ्याकडे सल्ला विचारायला येणारे विद्यार्थी ब्रँडचे नाव काय ठेवावे, बोधचिन्ह कोणते घ्यावे, जाहिरात कशी करावी हे विचारतात. कापड धुऊन कसे पाहावे, हे आजवर एकानेही विचारलेले नाही.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. शिलाई मशीनवर मला सरळ टीप मारता येत नाही. तरीही मुले माझ्याकडे येतात, कारण 2018 साली मी सोलापुरात याच धंद्यात हात पोळून घेतले हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हा मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तीन माजी विद्यार्थी, एक मित्र आणि मी असे पाचजण जमलो. आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाने साठ हजार रुपये दिले, आम्ही पाचांनी प्रत्येकी आठ हजार घातले. 14 एप्रिलला गडद निळा सुती शर्ट बाजारात आणायचा, कॉलरच्या आत पांढरी पट्टी, खिशावर बारीक भरतकाम, असा बेत होता. एकूण तीनशे नग.

नावासाठी आमच्या तीन बैठका झाल्या. तिसरी रात्री दीडपर्यंत चालली. कापड मात्र आम्ही मुंबईच्या बाजारात एका दुपारी उभ्याउभ्या घेतले. व्यापारी म्हणाला, पक्का रंग आहे, पन्हा अठ्ठावन्न इंची आहे. आम्ही दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. तपासली एकही नाही.

पुढचे सगळे समजण्यासाठी रंगाची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. सुती कापडाला पक्का रंग देण्यासाठी आज बहुतेक ठिकाणी रिअॅक्टिव्ह जातीचे रंग वापरतात. या रंगाचा रेणू सुतातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंध करतो आणि धुण्याने सुटत नाही. परंतु हौदात घातलेला सगळाच रंग सुताशी बांधला जात नाही. काही भाग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो आणि कापडाला नुसता चिकटून राहतो. तो काढून टाकायला कापड उकळत्या साबणपाण्यात पुन्हा पुन्हा धुवावे लागते. या धुण्याला पाणी लागते, वाफ लागते, वेळ लागतो. रंगारी काटकसर करतो ती नेमकी इथे. रंग जितका गडद, तितका हा चिकटलेला भाग जास्त. म्हणून गडद निळा, लाल, काळा हे रंग घेताना सर्वाधिक सावध असावे लागते, आणि आपल्या मुलांना नेमका गडद निळाच हवा असतो. स्वस्तातल्या मालात डायरेक्ट जातीचा रंग असेल तर मग बोलायलाच नको. तो सुताशी बंध करतच नाही.

हे ओळखायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. पांढऱ्या सुती फडक्याचा तुकडा ओला करून कापडावर दहा वेळा घासावा. दुसरे म्हणजे, कापडाचा हातभर तुकडा घेऊन त्याला पांढरे कापड टाचावे आणि गरम साबणपाण्यात अर्धा तास ठेवून चोळून धुवावे. पांढऱ्यावर डाग पडला तर व्यापाऱ्याचा शब्द खोटा. प्रयोगशाळेत हीच परीक्षा ठरलेल्या तापमानाला करतात आणि एक ते पाच असे गुण देतात. पाच म्हणजे डाग नाही. गडद रंगाला ओल्या घासणीत तीन गुण मिळाले तरी बाजार चालवून घेतो, धुण्यात मात्र चारच्या खाली जाऊ नये. मोठी खरेदी असेल तर हा अहवाल मागावा, आणि तो आपल्याच ताक्याचा आहे ना ते पाहावे.

आमचे कापड घरी आले त्या संध्याकाळी आईने ते हातात घेतले. आई वीस वर्षे गारमेंटच्या कारखान्यात होती, आधी काज-बटणावर, नंतर चेकिंगच्या टेबलावर. तिने बोट जिभेला लावून कापडाच्या कोपऱ्यावर घासले आणि बोट मला दाखवले. ते निळे झाले होते. “पान्यात घालून बघितलंस का रं?” तिने विचारले. मी म्हणालो, “आई, पक्का रंग आहे, व्यापाऱ्यानं लिहून दिलंय.” ती काही बोलली नाही. कारखान्यात चेकर बाई एकदाच सांगते. शेठने ऐकले नाही तर पुन्हा सांगत नाही. त्या दिवशी मी तिच्यासाठी शेठ झालो होतो, हे मला फार उशिरा कळले.

दुसरी गोष्ट आटण्याची. विणताना आणि रंगवताना कापड ताणलेले असते. पाण्यात पडले की सूत मूळच्या जागी येऊ पाहते. गिरण्या हे आटणे यंत्रावर आधीच घडवून आणत. जुन्या माणसांना कापडाच्या काठावरचा ‘सॅनफोराइज्ड’ हा शिक्का आठवत असेल, तो त्याचाच. आजही चांगल्या प्रक्रिया कारखान्यांत ही सोय असते, पण स्वस्त मालात ती टाळलेली असते. तपासणी सोपी आहे. कापडावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या शाईने आखावा, धुऊन सावलीत वाळवावा आणि पुन्हा मोजावा. आमच्या कापडावर मी हे केले ते मे महिन्यात, सगळे संपल्यावर. उभ्या सुताकडे 47 भरले, आडव्याकडे साडेअठ्ठेचाळीस. म्हणजे लांबीत सहा टक्के, रुंदीत तीन. एकोणतीस इंची शर्ट पावणेदोन इंचांनी आखूड झाला, बाही जवळजवळ दीड इंचाने वर गेली, बेचाळीसची छाती सव्वा इंचाने आवळली. हे आकडे कापण्यापूर्वी हाती असते तर पॅटर्न तेवढाच वाढवून घेता आला असता, किंवा सगळे कापड आधी धुऊन मग कापता आले असते. फार थोडा खर्च आला असता.

कॉलरचेही तसेच. कॉलरमध्ये जे बकरम घालतात ते उष्णतेने कापडाला चिकटवतात. त्याला तापमान, दाब आणि वेळ तिन्ही जुळावे लागतात, म्हणून त्याचे वेगळे मशीन असते. आमच्या कारखान्यात ते बंद होते, म्हणून हातइस्त्रीने चिकटवले. नवा शर्ट झकास दिसला. पहिल्या धुण्यात कापड आटले, बकरम आटले नाही, आणि कॉलरवर बुडबुडे आले.

आता पन्ह्याचा हिशेब. अठ्ठावन्न इंच धरून मास्तरांनी मांडणी केली होती. एका शर्टाला 1.6 मीटर, तीनशेला 480 मीटर. ताका उलगडला तर काठ सोडून कापता येण्यासारखे पंचावन्नच इंच होते. दर शर्टाला 1.7 मीटर लागू लागले आणि तीस मीटर कापड कमी पडले. ते मागवले तेव्हा दुसऱ्या हौदातला माल आला. एकाच रंगाचे दोन हौद तंतोतंत सारखे कधीच निघत नाहीत. म्हणून ताक्यांवर लॉटचा क्रमांक असतो आणि एका शर्टाचे सगळे भाग एकाच ताक्यातले असावे लागतात. कापल्यावर प्रत्येक भागावर क्रमांकाची चिठ्ठी लावतात ती याचसाठी. आमच्याकडे घाई होती. नव्या कापडातून उरलेल्या बाह्या आणि खिसे काढले, चिठ्ठ्या लावल्या नाहीत, आणि पन्नास-साठ शर्टांची एक बाही दुसरीपेक्षा फिकी निघाली. ट्यूबलाइटच्या उजेडात ते दिसले नव्हते. 14 तारखेच्या उन्हात दिसले.

इथे थोडे विषयांतर करतो. कापडाची ही जाण आपल्याकडे का नाही, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला विचारला. प्रश्नच मुळात पूर्ण खरा नाही. नागपूर-वऱ्हाडकडे महार विणकर जाडेभरडे कापड पिढ्यान्‌पिढ्या विणत होते. पुढे गिरण्या आल्या, आपली माणसे गिरणीत गेली, पण मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्या धाग्याला यांचे ओठ लागलेले सवर्ण कामगारांना चालत नव्हते. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला. आपले लोक कमी मजुरीच्या कताईत राहिले, विणकामाच्या कौशल्याला मुकले. हा इतिहास मी वर्गात दरवर्षी शिकवतो. तो शिकवणारा मीच, घरात चेकिंगच्या टेबलावर वीस वर्षे काढलेली बाई असताना तिला विचारत नाही, याचा अर्थ काय लावायचा? पदवी मिळाली की हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञान वाटेनासे होते. ही सवय आपण कोणाकडून उचलली हे वेगळे सांगायला नको.

नमुन्याबाबत आमची समजूत पूर्ण चुकीची होती. आम्ही मास्तरांकडून एक शर्ट शिवून घेतला, तो सुंदर होता, आणि काम झाले असे धरले. तो एक शर्ट एका अनुभवी माणसाने एकट्याने, निवांत, दुसऱ्याच कापडाचा शिवलेला होता. तीनशे शर्ट आठजणांनी भाग वाटून शिवले. म्हणून या धंद्यात नमुन्यांच्या पायऱ्या असतात. पहिला नमुना बेत पटतो का ते पाहायला. मग प्रत्येक मापाचा एकेक, कारण चाळीसचा शर्ट बरोबर बसला म्हणून चव्वेचाळीसचा बसेलच असे नाही. माप वाढते तसा खांदा छातीच्या प्रमाणात वाढत नाही. शेवटचा नमुना खऱ्या कापडाचा, खऱ्या धाग्याचा, त्याच कारखान्यात त्याच मशिनींवर. तो दोनदा धुवायचा, मापायचा, आणि मान्य झाला की दोघांनी सही करून सील करून ठेवायचा. पुढे वाद झाला तर तो शर्ट बोलतो. सोबत एक कागद असावा. त्यावर प्रत्येक माप, त्यात किती कमीजास्त चालेल, एका इंचात किती टाके, कोणता धागा, कोणते बटण, लेबल कुठे. आम्ही हे सगळे मास्तरांना फोनवर तोंडी सांगितले होते.

आमचा पॅटर्नसुद्धा उसना होता. एका परदेशी ब्रँडचा शर्ट उसवून त्यावरून काढलेला. ज्यांच्यासाठी शर्ट काढला त्यांतले कितीतरी लोक हमाल, वायरमन, बांधकामावरचे. त्यांचे खांदे रुंद, हात वर नेण्याचे काम रोजचे. शर्ट बगलेत धरू लागला. भारतीय शरीरांची अशी सर्वमान्य मापे आपल्याकडे नव्हतीच. निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइज’ नावाने सहा शहरांत पंचवीस हजारांवर लोकांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला तो याच कारणाने. पण लहान धंद्याने त्यासाठी थांबायची गरज नाही. वस्तीतल्या चाळीस-पन्नास माणसांची छाती, खांदा, पोट, बाही मोजली तर आपल्या गिऱ्हाइकाचे माप कळते, आणि कोणते माप किती काढायचे हेही कळते. आम्ही चारही मापे प्रत्येकी पंचाहत्तर काढली. चाळीस आणि बेचाळीस संपले, चव्वेचाळीसचे ढीग उरले. बायकांच्या मापाचा एकही नव्हता, आणि दुकानावर विचारणाऱ्यांत निम्म्या मुली होत्या.

आता जी गोष्ट लिहायला मला सर्वांत जड जाते ती. कारखानदाराने नगाला पंचाण्णव रुपये सांगितले होते. आम्ही घासाघीस करून नव्वदवर आणले. आम्हाला त्याचा अभिमान वाटला. दीड हजार वाचले. ते पाच रुपये कारखानदाराने स्वतःच्या खिशातून सोडले नाहीत. नगावर मजुरी घेणाऱ्या बायांचा दर त्याने उतरवला. मग त्या बाईने काय करावे? मशीनवर टाक्याची लांबी वाढवायची एक चकती असते. ती फिरवली की त्याच वेगात शिवण लवकर संपते. शर्टाला इंचात बारा टाके असावेत तिथे आठ पडले. बगलेखालची शिवण उसवू लागली ती यामुळे. मी त्या बाईला दोष देत नाही. किमान वेतनावर सभांतून भाषणे करणाऱ्या आम्ही पाचांनी तिच्या रोजंदारीतून काढलेले दीड हजार रुपये आमच्याच शर्टाच्या शिवणीतून वसूल झाले. दर ठरवताना एक शर्ट शिवायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे, त्या मिनिटांना माणसाची पुरी मजुरी पडते का ते पाहावे, आणि त्याखाली जाऊ नये. बाजार म्हणून हे सांगत नाही, पण मालाच्या दृष्टीनेही तेच खरे आहे.

तपासणी आम्ही केली ती माल बांधून आल्यावर, 12 एप्रिलच्या रात्री. तेव्हा दोष सापडून उपयोग काय? तपासणी कारखान्यात, काम चालू असताना व्हायला हवी. पहिले दहा नग उतरले की थांबवून मोजावेत. चूक असेल तर ती दहांतच राहते. मोठे खरेदीदार शेवटी नमुना-तपासणी करतात. भारतीय मानक 2500 मध्ये त्याचे तक्ते आहेत. तीनशेच्या मालातून साधारण पन्नास नग काढायचे, आणि अडीचची पातळी धरली तर तिनापर्यंत सदोष चालतात, चार निघाले की माल नाकारायचा. आपण मात्र तीनशेच्या तीनशे तपासावेत. दोन माणसांचे दोन दिवसांचे काम आहे.

वेळेचेही सांगून टाकतो. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी सुरुवात केली, मध्ये धुळवड आणि पाडवा आला, कापड उशिरा आले. ज्या मालाला तारीख आहे त्याचे कापड तारखेच्या तीन महिने आधी हाती हवे. लेबलावर नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, सेंटिमीटरमध्येही माप आणि कमाल किरकोळ किंमत हे सगळे वेळेत ठरवावे. नावाची नोंदणी ट्रेडमार्कच्या पंचविसाव्या वर्गात होते, त्याचा अर्ज आधी करता येतो. पण ती कामे कागदाची आहेत. चुकली तर दुरुस्त होतात. कापलेले कापड जोडता येत नाही.

जमाखर्च असा. कापड 57,120 रुपये, शिलाई 27,000, बटण-बकरम-लेबल-पिशव्या 8,400, पॅटर्न, नमुने आणि गाडीभाडे 5,580. एकूण 98,100. किंमत 550 ठेवली. 212 शर्ट विकले गेले. त्या रात्री आम्ही पेढे वाटले. त्यानंतरच्या दोन-अडीच आठवड्यांत 94 परत आले. पैसे परत दिल्यावर हाती 64,900 राहिले. बचत गटाचे साठ हजार आधी फेडले. आम्हा पाचांच्या चाळीस हजारांतले 33,200 बुडाले.

पैशांचे दुःख तेवढ्यापुरते. 30 एप्रिलला बुद्धपौर्णिमा होती. आदल्या दिवशी एका ताईंनी नवऱ्याचा आमचा शर्ट आणि विहारात नेसायची स्वतःची पांढरी साडी एकाच बादलीत भिजत घातली. दुसऱ्या दिवशी त्या ती साडी घेऊन आमच्या दारात आल्या. भांडायला आल्या नव्हत्या. “दादा, ही आता कशी नेसू?” एवढेच म्हणाल्या. शेजारी उभ्या असलेल्या एकाने मात्र सांगितले, “आपल्या लोकांचा माल असाच असतो, मी म्हटलंच होतं.” दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा शर्ट विटला तर लोक कंपनीला शिव्या देतात. आपला विटला तर सगळ्या समाजाच्या नावावर जातो, आणि आपलीच माणसे तो नावावर टाकतात. हे अन्यायाचे आहे, पण धंद्यात उतरणाऱ्याने ते गृहीत धरूनच उतरले पाहिजे.

चार वर्षांनी, 2022 मध्ये आम्ही पुन्हा काम काढले. ऐंशी शर्ट, दोन रंग, तीन मापे, त्यांत एक बायकांचे. कापड आणले तेव्हा आईने पहिल्यांदा बादली मागितली. पहिले दोन ताके तिने नापास केले, व्यापाऱ्याने कुरकुर करत बदलून दिले. तिसऱ्याचे पाणी तिने गच्चीवर उन्हात नेऊन पाहिले आणि मान हलवली. शर्ट खपले, दोन परत आले, दोन्ही काजाच्या दोषाने. काजाचे टेबल तिचे नव्हते हे ती अजून सांगते. आता विद्यार्थी आले की मी त्यांना तिच्याकडे पाठवतो. ती त्यांना आधी विचारते की धाग्याचे रीळ कोण आणणार, तुम्ही का कारखानदार, आणि हे कागदावर लिहिलंय का. बहुतेकांनी लिहिलेले नसते. मग ती त्यांना घरी पाठवते, लिहून आणा म्हणते.